आईचा बटणांचा फोन

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. नेहमीप्रमाणे शनिवारी दुपारी पॅसेंजरने गुंजीला उतरलो. घरी पोहोचून पाय धुतो न धुतो तोच आईने फडताळातून एक जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्यापुढे ठेवली. आत मीच तिला हौसेने घेऊन दिलेला स्मार्टफोन होता.

"हा तुझा आरसा घेऊन जा बाबा. मला माझा बटणांचा दे."

आई त्याला कधी फोन म्हणालीच नाही. "आरसाच तो. काळा असला की त्यात माझंच तोंड दिसतं, आणि उजेड पडला की जगाचं. फोन कुठं दिसतोय त्यात?" असा तिचा सवाल. मी कॉलेजात पोरांना मराठी शिकवतो, पण इतकी नेमकी उपमा मला सुचली नसती.

मला थोडा रागच आला. कोरोनाच्या काळात भेटी बंद होत्या, नातीचे तोंड आजीला दिसावे म्हणून दहा हजार रुपये मोजून तो फोन घेतला होता. बेळगावातून गुंजीपर्यंत आणून, शेजारी बसून, चार चार वेळा शिकवले होते. आणि बाईसाहेब म्हणतात, घेऊन जा. मी समजावले, चिडलो, पुन्हा शिकवायला बसलो. त्यावेळी पहिल्यांदा मी तिच्या बोटांकडे नीट पाहिले.

पन्नास वर्षे चिखलात भाताची रोपे लावलेली, चुलीत लाकडे सारलेली, शेणाने अंगण सारवलेली ती बोटे. टोकांना घट्टे पडलेले, कातडी सुकून भेगाळलेली. ती काचेवर बोट टेकवी आणि काच ढिम्म हलत नसे. मग ती जोराने दाबी आणि भलतेच काही उघडे. त्यामागचे कारण मी नंतर वाचले. ही काच दाबाने चालत नाही. बोटाच्या कातडीतून जी बारीकशी वीज वाहते, तिच्या स्पर्शाने चालते. कातडी फार कोरडी, जाड झाली की काचेला बोट कळत नाही, आणि ओल्या हाताने तर ती बावचळतेच. आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर हात कोरडे कुठे असतात? म्हणजे जन्मभर राबलेल्या हाताला हा फोन ओळखच देत नव्हता, आणि मी समजत होतो आईला शिकायचे नाही.

टॉर्चवाला फोन

तिचा जुना बटणांचा फोन माझाच होता. त्याचीही एक कथा आहे.

आमच्या लहानपणी फोन म्हणजे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ. आत काचेच्या खोक्यात उभे राहून बोलायचे आणि डोळे मात्र समोरच्या लाल आकड्यांवर. भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण झाले ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. तेव्हा बोलणाऱ्याला पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही पडत. साहजिकच आमच्यासारख्यांचा त्याच्याशी संबंध येण्याचे कारण नव्हते. येणारे कॉल फुकट झाले ते २००३ साली, आणि मोबाईल खऱ्या अर्थाने खेड्यात शिरला तो त्यानंतर.

त्याच वर्षी नोकियाचा ११०० बाजारात आला. मी तेव्हा धारवाडला एम.ए. करीत होतो. गुंजीहून लोंढा आणि लोंढ्याला गाडी बदलून धारवाड, असा प्रवास. पहिली नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तोच फोन घेतला. बटणांवर एकसंध रबराचे आवरण, त्यामुळे धूळ आत जात नसे, आणि माथ्यावर टॉर्च. जगभरात हा फोन पंचवीस कोटींहून अधिक खपला. कॅमेरा नाही, रंग नाही, इंटरनेट नाही. पण लाईट गेली की हातात उजेड होता. ज्यांनी तो बनवला त्यांना आपल्याकडची लाईट ठाऊक असावी, असे आम्ही गमतीने म्हणायचो.

मी पुढे नवा फोन घेतला तेव्हा तो आईकडे गेला. तिला वाचता येते, पण चष्म्याशिवाय नाही. म्हणून मी २ वर माझा, ३ वर बहिणीचा, ४ वर शेजारच्या मामांचा आणि ५ वर डॉक्टरांचा नंबर बसवून दिला. बटण दाबून धरले की फोन लागे. आईला नंबर पाठ नव्हते, पण जागा पाठ होत्या. देवघरात अंधारात काडेपेटी कुठे आहे हे जसे हाताला कळते, तसे.

असा फोन तिच्याकडून काढून घेऊन मी तिला आरसा दिला होता.

त्या रात्री

मी काही लगेच शहाणा झालो नाही. "पुढच्या शनिवारी बघू," म्हणून बेळगावला परतलो. जुना फोन केव्हाच भंगारात गेला होता. पुढच्या शनिवारीही टाळले. त्यानंतरच्या खेपेला मात्र आईने दारातच विचारले, "आणलास?" तेव्हा निमूटपणे खानापूरच्या बाजारात गेलो आणि पंधराशेच्या आतबाहेर एक बटणांचा फोन घेतला. नंबर पूर्वीच्याच जागांवर बसवले. आईने तो कमरेच्या पिशवीत खोचला आणि जणू हरवलेले माणूस घरी आले अशा चेहऱ्याने चुलीकडे वळली.

जुलैच्या अखेरीस पावसाने धरले. तारांवर झाड पडले आणि लाईट गेली, ती तीन दिवस आलीच नाही. तिसऱ्या रात्री गोठ्यात रेडकू ओरडले म्हणून आई परड्यात गेली आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. उठता येईना. पावसाच्या आवाजात तिची हाक शेजारच्या भिंतीपर्यंतही जात नव्हती. चष्मा घरात, कंदील घरात. तिने ओल्या हाताने कमरेची पिशवी चाचपली, फोन काढला आणि ४ चे बटण दाबून धरले. मामा आणि त्यांचा मुलगा खोळ पांघरून धावत आले. तिने टॉर्च लावून ठेवला होता, त्या उजेडावर त्यांनी तिला शोधले. खुब्याचे हाड थोडक्यात वाचले, मनगटावर निभावले.

सकाळी मी पोहोचलो तेव्हा मनगट बांधून बसलेल्या आईने मला एवढेच सांगितले, "तीन दिवस लाईट नव्हती, तरी अजून दोन काड्या शिल्लक आहेत बघ." काड्या म्हणजे बॅटरीच्या. माझा स्वतःचा फोन रात्री अकराला मान टाकतो. तिचा आरसा तिसऱ्या रात्रीपर्यंत जगला असता काय, आणि जगला असता तरी ओल्या बोटांना त्याने दाद दिली असती काय, हे प्रश्न मी त्या दिवशी स्वतःलाही विचारले नाहीत. धीर झाला नाही.

माझीही पाळी

आईची गोष्ट वयाची म्हणून सोडून देता आली असती. पण बेळगावला परतताना गाडीत माझे माझ्याकडेच लक्ष गेले. देसूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर एकदाही पाहिले नव्हते. खानापूर, इदलहोंड ही स्टेशने केव्हा गेली ठाऊक नाही. ज्या रस्त्यावरचे प्रत्येक भातखाचर मला लहानपणापासून माहीत आहे, तो रस्ता मी हातातल्या काचेत घालवला होता, आणि काय पाहिले म्हणून विचाराल तर एकही गोष्ट आठवत नव्हती.

वर्गात मी मुलांना बोलत असतो. 'असर' या संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीतले आकडे मी त्यांना फळ्यावर लिहून दाखवले होते. चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. लिहून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, प्राध्यापकांचा आकडा काय आहे?" वर्ग हसला, मीही हसलो. गाडीत मात्र तो प्रश्न आठवून हसू आले नाही.

हातात धरायच्या मोबाईलवरून जगातला पहिला कॉल मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून केला. त्यांनीच नव्वदी ओलांडल्यावर, २०२२ साली, सांगितले की आपण दिवसातला पाच टक्क्यांहूनही कमी वेळ फोनला देतो. ज्याने भट्टी लावली तो चाखून बाजूला झाला, आणि आम्ही मात्र पिंपाला तोंड लावून बसलो!

दुसऱ्याच दिवशी मी आईच्या फोनसारखा फोन घेतला, सिमकार्ड त्यात घातले आणि स्मार्टफोन कपाटात ठेवून दिला.

पहिले दहा दिवस फार चांगले गेले, हे कबूल करतो. खिसा हलका, डोके हलके. सकाळी उठल्यावर हात आपोआप उशाकडे जाई आणि रिकामा परत येई. मग मी उठून चहा करी. रात्री पुन्हा पुस्तके हातात आली. कुणाचा खरोखर निरोप असेल तर तो फोन करी. एसएमएस लिहिताना तर जुनी शिस्त परत आली. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०. सत्तर अक्षरांत मजकूर बसवायचा म्हणजे पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात शेवटची ओळ बसवण्यासारखेच. फापटपसारा आपोआप गळतो.

अकराव्या दिवशी कॉलेजातली एक तातडीची बैठक चुकली. सूचना गटावर आली होती. वरिष्ठांची बोलणी खाल्ली. त्यानंतर एका जुन्या मित्राच्या वडिलांच्या निधनाची बातमी मला दोन दिवसांनी कळली. गटावर सगळ्यांना एकाच वेळी कळवले होते आणि मलाही कळले असेल असे सगळ्यांनी धरून चालले होते. मित्राच्या घरी पोहोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. तो काही बोलला नाही, पण त्याच्या न बोलण्याने मी खजील झालो.

आणि एका संध्याकाळी पत्नी म्हणाली, "तुम्ही फोन सोडलात म्हणून सगळीकडे सांगताय, पण सोडलाय कुठे? माझ्या हातात दिलाय."

ते अक्षरशः खरे होते. मुलीच्या शाळेचे निरोप, लाईटबिल, गॅसचा नंबर, नातेवाइकांची आमंत्रणे, माझ्या विद्यार्थ्यांनी पाठवलेले निबंधसुद्धा, सारे तिच्या फोनवर येऊ लागले होते. तिचीही नोकरी आहे. मी पुस्तक वाचत बसलेला असताना ती माझे निरोप वाचत होती. माझ्या साधेपणाचे बिल तिच्या नावावर फाटत होते. घरातल्या पुरुषाने उपास धरायचा आणि त्याचे फराळाचे पदार्थ बाईने रांधत बसायचे, ही आपल्याकडची जुनीच रीत. मी तिला नवे रूप दिले होते, इतकेच.

फोनची जागा

तोडगा सुचवला तो आईने, नकळत. मनगट बरे झाल्यावर ती बेळगावला आली होती. आमचे भांडण तिच्या कानावर गेले. ती म्हणाली, "पूर्वी तुझ्या मामाकडे फोन होता, तो कसा शोकेसवर असायचा. विणलेलं झाकण घालून. ज्याला बोलायचं तो तिथं जायचा. फोन काय माणसाच्या मागनं फिरत नव्हता."

तेव्हापासून आमच्या घरी स्मार्टफोनला जागा आहे. शोकेसवर, दूरदर्शनच्या बाजूला. रोज संध्याकाळी सहा ते सात मी तिथे उभा राहून माझे निरोप माझे मीच वाचतो, उत्तरे देतो, बिले भरतो. मुलीच्या शाळेचे निरोपही आता माझ्याकडे आहेत. कॉलेजात सांगून ठेवले आहे, तातडीचे असेल तर फोन करा. करतात. आणि चार जवळच्या मित्रांना सांगितले आहे की सुखाचे उशिरा कळले तरी चालेल, दुःखाचे फोन करून सांगा. खिशात मात्र बटणांचा फोन.

ज्या वाचकांना हा मार्ग धरावासा वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो, कारण मला त्या ठेचा खाऊन कळल्या. फोन घेताना तो टूजीचा की फोरजीचा हे विचारावे. जिओच्या जाळ्यात टूजी नाही, त्यामुळे केवळ टूजीवर चालणारा फोन त्या सिमवर मुका राहतो. बोलणे आणि एसएमएस एवढ्यापुरताच रिचार्ज मिळायला हवा, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये काढला, तेव्हा नको असलेल्या इंटरनेटचे पैसे भरू नयेत. दुकानदार ते आपणहून सांगतोच असे नाही, विचारावे लागते. पैसे पाठवायलाही स्मार्टफोनच हवा असे नाही. रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' ही सोय सुरू केली, आणि *९९# ची सोय तर त्याआधीपासून आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरले की मदतीचा कॉल जावा, असा नियम आहे. हे वाचल्यावर मी आईच्या फोनवरचे डॉक्टर ५ वरून ६ वर हलवले. तिने दोन दिवस कुरकुर केली, मग अंगठ्याने नवी जागा लक्षात ठेवली.

फसवणुकीचेही सांगायला हवे. आमच्याच तालुक्यात २०२५ साली एका वृद्ध दाम्पत्याने फोनवरून धमकावणाऱ्या भामट्यांपायी जीव गमावला. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर म्हाताऱ्या माणसांना तासन् तास डांबून ठेवायचे, हा त्या टोळ्यांचा धंदा. कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाही, हे घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगायला हवे, आणि १९३० हा तक्रारीचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवायला हवा. बटणांच्या फोनवर चेहरा दाखवून दरडावता येत नाही, एवढा आडोसा नक्की मिळतो. पण ओटीपी विचारणारा आवाज तिथेही पोहोचतो. फोन साधा असला म्हणून माणसाने भोळे राहून चालत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून वेगळीच वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतला टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचा, मुलांनी अभ्यासाला बसायचे, असा गावाने ठराव केला. २०२५ च्या अखेरीस आपल्या बेळगावजवळच्या हलगा गावातही संध्याकाळी असाच भोंगा सुरू झाला. काहींना हे हसण्यासारखे वाटते. मला वाटत नाही. एकट्या माणसाने फोन सोडला की तो गटातून गळतो, मित्राच्या दारी उशिरा पोहोचतो आणि घरच्यांवर भार टाकतो, हे मी भोगले आहे. सगळ्या गावाने एकदमच ठेवला तर कुणी मागे राहात नाही.

परवा गुंजीला गेलो होतो. रोपलावणी आटोपली होती, माऊलीच्या देवळाकडून घंटा ऐकू येत होती. माझी मुलगी सोबत होती. तिने आजीला विचारले, "आजी, तुला माझं तोंड बघावंसं वाटत नाही व्हिडिओवर?"

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "वाटतं की गं. म्हणूनच तर तुझ्या बापाला सांगते, शनिवारी घेऊन ये म्हणून."

मी काही बोललो नाही. या वर्षात मी तिला किती शनिवारी आणले होते, हा हिशेब कुठल्याच फोनमध्ये नव्हता. पण आईला तो पाठ होता. आता मुलगी एका शनिवाराआड माझ्याबरोबर येते. खिडकीजवळची जागा तिची. इदलहोंड आले, खानापूर आले, की ती मोठ्याने सांगते, आणि मीही बाहेर पाहतो.